चावी मोडली, चाक अडलं!

बॅटमॅनच्या गाडीची चाकंसुद्धा चोरांनी सोडलेली नाहीत. १९८७ साली आलेल्या एका कॉमिकमध्ये बॅटमोबील गॉथमच्या एका बदनाम गल्लीत उभी असते आणि जेसन टॉड नावाचा पोरगा तिचे टायर काढताना रंगेहाथ सापडतो. पुढं हाच पोरगा बॅटमॅनचा साथीदार, म्हणजे दुसरा रॉबिन होतो. गाडीत कितीही अचाट यंत्रं भरलेली असोत, चाकाचे नट साधे असले की चोराला एक पाना पुरतो.

खऱ्या जगातल्या चोरांचं गणितही तेच. साध्या नटाला सहा बाजू, आणि १७, १९ किंवा २१ मिलिमीटरचा पाना कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. लोखंडी चाकं होती तोवर त्यांच्यासाठी कुणी रात्र जागवत नव्हतं. अलॉय चाकं आली, त्यांच्या किमती चढत गेल्या, आणि सकाळी उठून पाहावं तर गाडी विटांवर उभी, असे प्रकार लंडनपासून दिल्लीपर्यंत होऊ लागले. त्यावरचा तोडगा असा: प्रत्येक चाकाचा एक नट असा बसवायचा की तो ओळखीच्या पान्याला दाद देणार नाही. चार चाकं, चार नट, चावी मात्र एकच. ब्रिटनमध्ये अलॉयच्या गाडीला असे नट असणं इतकं नेहमीचं आहे, की मोडक्या आणि हरवलेल्या चाव्यांवर तिथल्या कित्येक फिरत्या मेकॅनिकांचा धंदा चालतो. आपल्याकडं काही महागड्या गाड्यांसोबत ते येतात, बाकीचे ॲक्सेसरीच्या दुकानातून हौसेनं बसवून घेतात.

कुलूप आहे, पण आत काहीच हलत नाही

घराच्या कुलपात स्प्रिंग असते, खिट्ट्या असतात, लिव्हर असतात. चावीच्या नटात यातलं काहीही नाही. नटाच्या तोंडावर एक नागमोडी खाच कोरलेली असते आणि चावीच्या टोकाला तीच नक्षी उलटी उठवलेली असते. दोन्ही एकमेकांत बसले की चावीच्या मागच्या बाजूला नेहमीचा पाना लावायचा आणि फिरवायचं. बाहेरून नट गोल, गुळगुळीत; पान्याला धरायला कोपराच ठेवलेला नाही. वरून पोलाद कडक केलेलं, म्हणजे छिन्नी-ड्रिललाही सहज जुमानायचं नाही.

म्हणून चावी मोडते तेव्हा अडचण ताकदीची नसते, पकडीची असते. पुढं येणारी प्रत्येक युक्ती म्हणजे गुळगुळीत पोलादावर नवी पकड तयार करण्याची एक वाट आहे.

एका नटाचा जोर चार टन

टोयोटाच्या बहुतेक मोटारींच्या चाकाचा नट १०३ न्यूटन-मीटर पिळानं आवळायचा असतो, होंडाचा १०८, फोक्सवॅगनचा बोल्ट १२०. शंभर न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला साधारण दहा किलो वजन टांगल्यावर बसणारा पीळ. पाना अर्ध्या मीटरचा असेल तर वीस किलो. कुठल्याही धडधाकट माणसाला हे जमतं.

गंमत पुढं आहे. या मेहनतीतला जवळपास निम्मा भाग नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. प्रत्यक्ष आवळण्याच्या कामाला उरतात जेमतेम दहा टक्के. आणि तेवढ्यावर १२ मिलिमीटरच्या स्टडला, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आटेदार बोल्टला, ताण किती बसतो? ढोबळ हिशेबानं चार टनांच्या आसपास! पाच नटांचे वीस टन झाले. चाक बोल्टवर टांगलेलं असतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नसतं. या प्रचंड दाबामुळं चाक हबवर घट्ट चिकटून बसतं आणि गाडीचा भार मुख्यतः त्या घर्षणावर पेलला जातो. बोल्ट किंचित ताणलेला असतो आणि परत आखडू पाहतो, त्यातूनच हा दाब येतो.

यातूनच एक धोका कळतो. आट्यांवर तेल किंवा ग्रीस चोपडलं की घर्षण घटतं आणि तोच पीळ स्टडला कितीतरी जास्त ताणतो. म्हणून कंपनीनं सांगितलं नसेल तर चाकाचे आटे कोरडेच ठेवायचे.

चावी मोडणारा खरा गुन्हेगार

हवेची किंवा बॅटरीची गन. ट्रर्र करत नट क्षणात बाहेर काढणारी ही गन सहज पाचशे न्यूटन-मीटर आणि त्याहून जास्त जोर काढते, तोही सलग नव्हे, ठोक्यांनी. साधा नट सहा बाजूंनी धरलेला असतो, तो हे ठोके सोसतो. चावीच्या टोकाची नक्षी बारीक असते. प्रत्येक ठोक्याला ती खाचेतून जराशी उसळते, कडा झिजतात, कुठंतरी केसासारखी भेग पडते. गाडीवाल्याला त्याचा पत्ताही नसतो. मग महिन्यांनी हायवेवर पंक्चर होतं, तो डिकीतून चावी काढतो, पान्यावर पाय देतो, आणि चावीचे दोन तुकडे. मोडली त्याच्या हातून, पण तिचा जीव गेला होता आधीच, टायरच्या दुकानात.

न्यूयॉर्क राज्यातली मॅकगार्ड ही कंपनी १९६४ पासून या धंद्यात आहे आणि मोटार कंपन्यांनाच असे नट पुरवते. तिच्या सूचनांमध्ये हे स्पष्ट सांगितलेलं आहे: चावीवर गन चालवू नका. क्रमही ठरलेला आहे. चावीचा नट काढताना सगळ्यांत आधी आणि लावताना सगळ्यांत शेवटी, दोन्ही वेळा हातानं. टायरवाल्याकडं गेलात तर हे ठणकावून सांगा. माणूस भला असतो, पण समोर चार गाड्या थांबलेल्या असल्या की हात आपोआप गनकडं जातो.

हातोडा जरा खाली ठेवा

मोडलेल्या चावीवर बहुधा एक क्रमांक किंवा अक्षरं कोरलेली असतात. तुकडे फेकू नका, त्यातच उत्तर आहे. मोटार कंपन्या प्रत्येक गाडीला वेगळी नक्षी देत नाहीत. ठरावीक नक्ष्या आलटून पालटून येतात. त्यामुळं क्रमांक कळला की अधिकृत सर्व्हिस सेंटर नवी चावी मागवू शकतं. काही सर्व्हिस सेंटरांत सगळ्या नक्ष्यांचा पूर्ण संचच असतो; तिथं गाडी नेली की त्यातली नेमकी गोटी (पान्याला लावायचा सॉकेट) लावून नट काढून देतात. बाजारातून बसवलेल्या नटांसोबत क्रमांकाचं कार्ड येतं, ते मात्र बिलांच्या ढिगात गडप झालेलं असतं.

चावी मोडली नसून सापडत नसेल, तर डिकीत चटईखाली, जॅकच्या खोबणीत, स्टेपनीच्या पोटात, पुढच्या कप्प्यात आणि मग मागच्या वेळी जिथं टायर बदलले त्या दुकानात, या क्रमानं शोध घ्या.

आता युक्त्या

पहिली युक्ती मला सगळ्यांत आवडते, कारण तिला काही मोडावं लागत नाही. बाकीचे नट आधी सैल करून बसलात तर त्या चाकाचा सगळा ताण बिचाऱ्या चावीच्या नटावर येतो आणि तो आणखी घट्ट होतो. म्हणून उलटं करायचं. शेजारचे नट पुन्हा व्यवस्थित आवळायचे. त्यांनी भार उचलला की चावीच्या नटावरचा ताण थोडा उतरतो. चावी नुसती झिजली असेल किंवा तिला भेगच पडली असेल, तर एवढ्यावर नट कधी कधी सुटतो. भेग पडलेल्या चावीभोवती होज क्लिप गच्च आवळून तिला एक शेवटचा डाव खेळायला लावणारे मेकॅनिकही आहेत. अट एकच: एका हातानं चावी खाचेत दाबून धरायची आणि पाना झटका न देता, सावकाश जोर वाढवत फिरवायचा.

आणखी एक. हे सगळं गाडी जमिनीवर असताना करायचं, हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये टाकून, चाकांना दगड लावून. जॅकवर चढवलेल्या गाडीवर हातोडा चालवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

चावी पार गेली असेल तर गॅरेजमधला जुना हुकमी इलाज म्हणजे ठोकून बसवलेली गोटी. नटाच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान, आतून बारा कोनांची गोटी घ्यायची आणि हातोड्यानं नटावर ठोकून बसवायची. बारा कोन का? सहा कोनांच्या गोटीपेक्षा तिच्या धारा दुप्पट असतात आणि त्या गोल नटात जागोजागी रुततात. गुळगुळीत पोलादाला कोपरे नव्हते, ते आपण पाडले. मग लांब दांडा लावून फिरवायचं. नट बाहेर आला की तो गोटीत अडकून बसतो. मागच्या चौकोनी भोकातून पंच घालून ठोकला की निघतो. गोटी बहुधा कामातून जाते, म्हणून जुनीच वापरा. आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. चकचकीत मुलामा दिलेल्या गोटीचा टवका उडाला तर तो गोळीच्या वेगानं येतो.

ही युक्ती चोरांनाही माहीत होती. म्हणून नट बनवणाऱ्यांनी पुढची चाल केली: नटाभोवती मोकळी फिरणारी कडी. गोटी ठोकली तर ती या कडीला पकडते, कडी गरागरा फिरत राहते आणि आतला नट जागचा हलत नाही. फार देखणी कल्पना आहे ही! तिच्यावरचा उतारा कष्टाचा आहे. आधी छिन्नीनं ती कडी फोडून काढायची, मग आतल्या गाभ्याला गोटी लावायची.

त्यापेक्षा सभ्य हत्यार म्हणजे उलट्या पिळाची गोटी. तिच्या आतल्या धारा तिरप्या असतात. नट उघडण्याच्या दिशेनं जितका जोर लावाल तितकी ती नटात खोल रुतत जाते. नटाचा विरोधच तिची पकड वाढवतो. गोल झालेल्या कुठल्याही नटाला ती चालते, त्यामुळं असा संच घेतला तर पैसे वाया जात नाहीत.

आपल्याकडच्या गॅरेजच्या गल्लीत आणखी एक माणूस हमखास असतो, वेल्डिंगवाला. चावीच्या नटावर एक साधा षटकोनी नट ठेवायचा आणि आतून वेल्ड करून टाकायचा. झाला नवा नट, लावा पाना. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजाची पकडही सुटते. मला विचाराल तर अगदी हट्टी नटासाठी हा इलाज सर्वांत खात्रीचा आहे, पण तो जाणत्या हातानंच व्हायला हवा. आधी बॅटरीची तार काढायची, कारण गाडीत आता ठिकठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स आहे. चाकाजवळच वेगाचा सेन्सर असतो, बेअरिंगमध्ये ग्रीस असतं. आणि गॅसची ज्योत अलॉयवर धरायचीच नाही. अलॉय चाकांना बळकटी येते ती कारखान्यातल्या तापवण्या-थंड करण्याच्या प्रक्रियेतून. वरून मनमानी उष्णता दिली की ती बळकटी जाते, आणि चाक दिसायला मात्र पूर्वीसारखंच दिसत राहतं.

सर्वांत शेवटी ड्रिल. कडक पोलादावर साधं बिट घासून घासून बोथट होतं. कार्बाइडचं किंवा कोबाल्टचं बिट, कमी वेग आणि भरपूर धीर लागतो. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांना नट नसतात, थेट हबमध्ये जाणारे बोल्ट असतात. अशा बोल्टचं डोकं ड्रिलनं उडवावं लागलं की मालकाच्या पोटात गोळा येतो: उरलेला दांडा आता हबमध्येच राहणार! पण डोकं जाताक्षणी चार टनांचा ताण संपतो. गंज नसेल तर चाक काढल्यावर तो उरलेला तुकडा पकडीनं, कधी नुसत्या बोटांनीही फिरून बाहेर येतो. इतका वेळ त्याला धरून ठेवणारी गोष्ट ताणच होती.

तेलाची फवारणी आणि रॉकेट

अडलेल्या नटावर मारायच्या निळ्या-पिवळ्या डब्यातल्या डब्ल्यूडी-४० चा जन्म गॅरेजसाठी झालेलाच नाही. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीनं ते बनवलं, ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी. नावातला चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. चाकाजवळ फवारताना मात्र ते ब्रेकच्या डिस्कवर जाणार नाही याची काळजी घ्या, आणि नट सुटल्यावर आटे पुसून कोरडे करा.

५१ तास आणि ४३ तास

आकाराच्या गुपितावर विसंबलेल्या कुलपांची परीक्षा फार जुनी आहे. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप टांगलेलं होतं, उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. सहा दशकं कुणाला जमलं नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कारागीर आला आणि सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून त्यानं ते उघडलं.

त्याच्या जवळ जाणारा आकडा मोटारीच्या नटानंही गाठलेला आहे. मे २०२१, मोनॅको, फॉर्म्युला वनची शर्यत. मर्सिडीजचा वाल्तेरी बोत्तास दुसऱ्या क्रमांकावर होता आणि टायर बदलायला थांबला. पुढच्या उजव्या चाकाच्या नटावर गन पूर्ण बसायच्या आतच फिरली आणि नटाच्या कडा तासून सपाट झाल्या. पकड गेली ती गेलीच. बोत्तासची शर्यत तिथंच संपली. एवढे निष्णात मेकॅनिक, एवढी हत्यारं, पण चाक मोनॅकोत निघालं नाही. गाडी चाकासकट इंग्लंडमधल्या ब्रॅक्लीच्या कारखान्यात गेली आणि नट सुटला तो सुमारे ४३ तासांनी. याच खेळात २०२३ साली कतारला मॅकलारेनच्या चमूनं चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली होती. गन आणि नट यांच्यातली पकड मिलिमीटरभर चुकली की १.८० सेकंदांचे ४३ तास होतात. घरच्या गाडीच्या चावीचं जे होतं, तेच तिथं झालं.

फिरवायचं कुठल्या दिशेला?

डावीकडं फिरवलं की उघडतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण अमेरिकेतल्या क्रायस्लरच्या गाड्यांना १९७० च्या सुमारापर्यंत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. फिरत्या चाकामुळं नट आपोआप सैल होऊ नये, हा विचार. ठाऊक नसलेले मेकॅनिक जोर लावत राहायचे आणि स्टडच तुटायचा. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे आजही याच कारणानं उलटे असतात. आणि पोर्शे ९११ जीटी३ ला चाकामागं एकच मधला नट असतो; तो आवळायला तब्बल ६०० न्यूटन-मीटर लागतात. आपल्या साध्या नटाच्या सहापट.

नट सुटला, चाक सुटेना

सगळे नट बाहेर, तरी चाक जागचं हलत नाही, असंही होतं. पोलादी हब आणि ॲल्युमिनियमचं चाक यांच्यामध्ये पावसाचं पाणी शिरतं, दोन धातूंच्या संगतीनं क्षार धरतो आणि चाक हबला चिकटतं. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. साधे नट परत लावून अर्धा-पाऊण फेरा सैल ठेवायचे आणि गाडी हळूच हातभर पुढं-मागं घ्यायची. वजनानंच चाक सुटतं. नाहीतर टायरच्या बाजूवर आतून लाकडाचा ठोकळा ठेवून ठोके द्यायचे, अलॉयवर नव्हे.

नवे नट घेताना

चार गोष्टी जुळल्याच पाहिजेत: जाडी, आट्यांचं अंतर, बसण्याचा आकार आणि लांबी. मारुती सुझुकीच्या १२ मिलिमीटर स्टडच्या आट्यांचं अंतर १.२५ मिलिमीटर असतं, होंडा-टोयोटा-ह्युंदाईचं १.५. चुकीचा नट दोन फेरे सहज जातो आणि तिथं अडकतो. तेव्हा पाना लावून दाबलात की आटे गेले. बसण्याच्या आकारात त्याहून जास्त फसगत होते. बहुतेक गाड्यांना ६० अंशांचा शंकू, होंडाच्या मूळ चाकांना गोलाकार, टोयोटाच्या बऱ्याच मूळ अलॉयला सपाट वॉशर. गोल खोबणीत शंकू बसवला तर तो फक्त एका बारीक रेषेवर टेकतो, पान्याला घट्ट लागतो आणि रस्त्यावर सैल होतो.

गाडी लोखंडी चाकांची असेल तर चावीचे नट परत बसवूच नका. ती चाकं कुणी नेणार नाही, आणि पावसात घाटात पंक्चर झाल्यावर साधा पाना लागणारे नट असणंच बरं. अलॉय असतील तर नवे जरूर बसवा, आधी नव्या चावीच्या टोकाचा आणि क्रमांकाचा फोटो काढा, आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर सगळे नट एकदा पीळ मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं तपासून घ्या.